मध्यस्वराचा गाळ

चारूचे दिवस घालून पंधरवडा उलटला, आणि हेमांगीच्या डाव्या कानात कुणीतरी श्वास घ्यायला लागलं.

घरी नव्हे. घरी सगळं चिडीचूप. श्वास यायचा तो कामावर, सांगलीच्या 'हाक' या मदतीच्या फोन केंद्रात, ती हेडफोन लावून खुर्चीत बसली की. फोनवरचं माणूस बोलायचं थांबलं रे थांबलं, की डावीकडून दोन तुटक श्वास, पाठोपाठ, हुंदका गिळताना घेतात तसे. मग काही नाही. उजव्या कानात मात्र सगळं नेहमीसारखं स्वच्छ.

शेजारच्या खुर्चीतल्या देवयानीनं हेडफोन कानाला लावून बघितला. "खरखरतोय गं जरा. वायर गेली असेल. स्टोअरमधून दुसरा घे की."

हेमांगीनं दुसरा घेतला नाही. याला वेड म्हणा, नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा. धाकटी बहीण गेल्यावर जिथं तिचा श्वास ऐकू येतोय, ती वस्तू कोण बदलून घेईल हो?

चारू गेली ती एका मंगळवारी दुपारी, कुपवाडच्या सासरच्या घराच्या गच्चीवरून पडून. वाळलेले कपडे काढताना तोल गेला, असं तिच्या नवऱ्यानं, विश्वजितनं, सांगितलं. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं. हेमांगीनंही त्या दिवशी मान डोलावली होती. पण तिला आठवत होता दिवाळीतला फोन. चारू रडत होती, वाक्य धड पुरं होत नव्हतं, आणि हेमांगी तिला म्हणाली होती, "आधी रडणं थांबव, मग बोल. काय झालंय ते नीट सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?" चारूनं रडणं थांबवलं होतं. आणि मग बोललीच नव्हती.

तुम्ही म्हणाल, असं कसं तोडून बोलली ही? पण हेमांगी सुतार चौदा वर्षं लोकांचे घाबरलेले फोन घेत होती, आणि या चौदा वर्षांनी तिला एकच शिकवलं होतं, की रडणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही.

हे काही तिच्या मनाचे खेळ नव्हते. 'मध्यस्वर' हे आवाज बदलणारं यंत्र यायच्या आधी केंद्रानं एक चाचणी घेतली होती. एकच तक्रार, शब्द न् शब्द तोच. अर्ध्या फोनांत पुरुषानं वाचलेली, अर्ध्या फोनांत बाईनं. पुरुषानं वाचली तर मदतीची गाडी ताबडतोब निघायची. बाईनं वाचली तर "तासाभरानं फोन करतो" असं उत्तर मिळायचं. ऐकणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या, हेमांगीही होती. आपलेच आकडे बघून तिची मान खाली गेली होती.

नलूताई आवळ्यांनी हा विषय उचलून धरला. केंद्र त्यांनीच उभं केलेलं. वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं, आवाज घोगरा, आणि समोर कोण बसलंय याची पर्वा आयुष्यात कधी न केलेली बाई. त्यांच्या रेट्यामुळे यंत्र आलं. फोन करणाऱ्याचा आवाज ना बाईचा ना पुरुषाचा, मधला होऊन ऐकणाऱ्याच्या कानात यायचा; आणि ऐकणाऱ्याचाही तसाच होऊन तिकडे जायचा. नाव, नंबर, पत्ता गाडी पाठवायचं ठरेपर्यंत झाकलेलं. आपल्याकडच्या बायका "मी येतो, मी जातो" असंच बोलतात, त्यामुळे अर्धी अडचण आधीच मिटलेली. "नवरा", "बहीण" असले शब्द यंत्र बोलता बोलता बदलून "घरातलं माणूस", "नातलग" करून टाकायचं; बाईचा वाटेल असा दुसरा कुठलाही शब्द मोघम करायचं. केंद्राच्या भिंतीवर अर्धनारीनटेश्वराचं मोठं चित्र लागलं. यंत्रवाल्या कंपनीनं दिलेलं. त्यात दोन्ही अंगं एकमेकांत इतकी मिसळून रंगवलेली, की सगळा देव राखाडी दिसायचा.

पहिल्याच वर्षी चाचणीतला फरक शून्यावर आला. बाईची तक्रार बाई म्हणून बाजूला पडेनाशी झाली. पेढे वाटले होते तेव्हा.

आता हे यंत्र काय करायचं ते नीट ऐका, कारण मेख तिथंच आहे. बाईचे स्वरतंतू आखूड म्हणून पट्टी वरची, घशाची पोकळी लहान म्हणून घुमारा निराळा. एवढंच असतं तर पट्टी खाली आणली की काम झालं. पण पट्टी बदलली तरी बाई ओळखू येतेच. का येते, हे कुणालाच धड सांगता येईना. म्हणून बनवणाऱ्यांनी यंत्राला बाई म्हणजे काय ते सांगितलंच नाही. त्यांनी दोन यंत्रं समोरासमोर बसवली. एक आवाज बदलणारं, दुसरं परीक्षक. हजारो ध्वनिफिती लावल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, स्त्री की पुरुष. पहिल्याला हुकूम एवढाच, की परीक्षकाला ओळखता येईनासं होईपर्यंत जे-जे वेगळं दिसेल ते काढत जा.

काढलेलं फेकत मात्र नसत. उद्या कोर्टानं मूळ आवाज मागितला तर? म्हणून प्रत्येक फोनच्या दोन फायली व्हायच्या, एक मध्यस्वराची आणि एक त्यातून गाळून उरलेल्याची. दोन्ही एकत्र केल्या की मूळ आवाज परत. या दुसऱ्या फायलीला कंपनीचं लांबलचक नाव होतं. हेमांगी तिला गाळ म्हणायची, म्हणून सगळं केंद्र गाळ म्हणायला लागलं. तो कुणी कधी ऐकत नसे. गाळ कोण ऐकतं?

महिनाभरानं एका दुपारी, सगळी जेवायला गेली असताना, हेमांगीला एकदम सुचलं. हेडफोन बिघडलाय हे खरं. पण बिघडलेल्या वायरीतून येतंय काय?

यंत्राला आवाज पुरवायचं काम पूर्वी तिच्याकडेच होतं, त्यामुळे गाळाची किल्ली अजून तिच्याकडे होती. तिनं सकाळचा एक फोन काढला, मध्यस्वर बंद केला आणि नुसता गाळ लावला.

शब्द नव्हते. फक्त दोन तुटक श्वास. मग दातांवर दात. मग घशात अडकलेलं काहीतरी, वर न येणारं.

तिनं दुसरा लावला. तिसरा. दहावा. सगळीकडे तेच. कुणी थरथरत होतं, कुणी नाक ओढत होतं, कुणी बोलायच्या आधी आवंढा गिळत होतं. चारू नव्हतीच ती. कोण कोण बायका होत्या, सांगलीच्या, तासगावच्या, विट्याच्या, आणि त्यांची भीती तेवढी बाजूला काढून कपाटात नीट लावून ठेवलेली होती.

पुरुषांचा गाळ जवळजवळ रिकामा होता. एक फाइल मात्र भरलेली निघाली. कुणी म्हातारा, मुलगा मारतो म्हणून फोन केलेला. त्याचा हुंदकाही यंत्रानं बाईचा समजून काढून टाकला होता, आणि तासाभरानं फोन करतो असं त्यालाही सांगितलं गेलं होतं.

असं का झालं असेल हा प्रश्न तिला पडला, आणि उत्तरही तिच्याकडेच होतं. ध्वनिफिती तिनंच निवडल्या होत्या. कंपनीला घाई होती, आठवडाभरात वीस हजार बायका आणि वीस हजार पुरुष हवे होते. बायकांचे आवाज तिनं 'हाक'च्या जुन्या फोनांतून काढून दिले. स्वच्छ होते, हाताशी होते. त्या लाइनवर पुरुष फारसे नव्हतेच, म्हणून ते आणले नळ आणि खड्ड्यांच्या तक्रारींच्या लाइनवरून. तेही स्वच्छ, हाताशी. बायका सगळ्या घाबरलेल्या. पुरुष सगळे कंटाळलेले, फार तर चिडलेले. यंत्रानं आपलं ऐकलं आणि धडा घेतला, की भीती म्हणजे बाई. बाईपण पुसायचं म्हणजे भीती पुसायची. मग उरतं ते मधलं नव्हे. उरतो नळाला पाणी आलं नाही म्हणून फोन करणारा पुरुष, जरा नाजूक आवाजाचा.

आणि या कामासाठी तिचा सत्कार झाला होता. शाल अजून कपाटात होती.

मग तिनं तो मंगळवार काढला. चारू साडेचारला पडली. त्या दुपारी हेमांगीची कामाची पाळी होती. नंबर झाकलेले, पण वेळा होत्या. दोन ते साडेचार, तिनं स्वतः घेतलेले अकरा फोन. ती एकेकाचा गाळ ऐकत गेली. मनात म्हणत होती, नसू दे, देवा, नसू दे.

सातव्याला, तीन चाळीसला, आधी एक 'च्क' आला. जीभ टाळूला चिकटून सुटावी तसा. मग दोन तुटक श्वास.

चारू तीन वर्षांची होती तेव्हापासून हा 'च्क' होता. वडील मिरजेच्या एका दुकानात तंबोऱ्यांची जवारी काढायचे, तारांखालची घोडी कानसून तार झणझणती करायचे. ते हसून म्हणायचे, "हिची जवारी उघडी आहे गं, हिला रडायला सूर लावावा लागत नाही."

हेमांगीनं फोनचा मध्यस्वर लावला. दोन राखाडी माणसं बोलत होती.

"हाक केंद्र. बोला."

"घरी जरा त्रास आहे. घरातलं माणूस येईल आता."

"मारहाण झाली आहे?"

"आज अजून नाही."

"सध्या तुम्ही सुरक्षित आहात?"

"हो. गच्चीवर आहे. बाहेरून कडी आहे."

"तासाभरात आमचा फोन येईल. थांबाल?"

"थांबतो. आणि ऐका, माझं एक नातलग तुमच्याकडं कामाला आहे. त्यांना कळवू नका. त्यांना असलं आवडत नाही."

"नाही कळवणार. खात्री बाळगा."

एवढंच. चार मिनिटंसुद्धा नाहीत. गच्चीवर आहे, बाहेरून कडी आहे, हे तिनं ऐकलं होतं. आपल्या दोन कानांनी ऐकलं होतं. पण ते दुधाचा हिशेब सांगावा इतक्या सरळ आवाजात आलं, आणि तिनं 'तासाभरानं फोन'चं पिवळं बटण दाबून पुढचा फोन घेतला. हेमांगीनं स्वतःला कळवणार नाही असं वचन स्वतःच्या बहिणीला दिलं होतं, आणि पाळलंही होतं.

नलूताईंचं घर विश्रामबागेत. त्या मटार सोलत बसल्या होत्या. हेमांगीनं सगळं सांगितलं, फाइल ऐकवली, आणि म्हणाली, "गुरुवारी समिती बसतेय. हे यंत्र सगळ्या जिल्ह्यांत न्यायचं की नाही ते ठरणार. मी हे तिथं सांगणार आहे. पोलिसांनाही देणार आहे."

नलूताईंचा हात थांबला.

"सांग," त्या म्हणाल्या. "पण काय होईल ते ऐकून घे. यंत्र बंद पडेल. आणि परवापासून पुन्हा तेच सुरू. बाई आहे, रडतेय, सोडा हो. किती बायका वाचल्यात याच्यामुळं, तूच मोजल्यास ना?"

"मोजल्यात. आणि गेलेल्या कुणी मोजल्या? त्या तर शांतच होत्या सगळ्या."

"माझ्यावर ओरडू नकोस."

"तुमच्यावर नाही ओरडत, ताई. कुणावर ओरडू तेच कळत नाहीये."

नलूताईंनी शेंगा बाजूला सारल्या. "मी पहिल्यांदा सभेत बोलायला उभी राहिले, तेव्हा लोक हसले. बारीक होता माझा आवाज, चिमणीसारखा. मग मी घसा दाबून बोलायला शिकले. खाली, घोगरं. तेव्हापासून लोक ऐकायला लागले. पन्नास वर्षं झाली. माझा खरा आवाज कसा होता, ते आता मलाच आठवत नाही गं. मला वाटायचं, मी बाई आणि बाप्या दोन्ही झाले. दोन्ही कुठली? एक खोडून दुसरी झाले." त्या जराशा हसल्या, पण डोळे भरले होते. "तुमच्या भिंतीवरचं ते चित्र. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. अर्धनारीनटेश्वराचं डावं अंग बाईचं असतं. ठसठशीत असतं, कानात कुंडल, पायात पैंजण. त्याला पुसून दोघांना सारखं करायचं नसतं. ते डावं अंगच काढलं तर मागं राहतो तो अर्धा देव."

निघताना हेमांगी पाया पडली. नलूताईंनी तिचा हात धरला. "मी समितीत आहे. तुझ्या बाजूनं बोलेन की नाही, मला आत्ता सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू?"

गुरुवारी अकराला समिती बसली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश रणदिवे, नलूताई, आणि कंपनीचा एक माणूस. साक्ष द्यायची तीही पडद्याआडून आणि मध्यस्वरातूनच. कुणावर अन्याय नको म्हणून हा नियम नलूताईंनीच केलेला.

हेमांगी बोलली. ध्वनिफिती मी निवडल्या, म्हणाली. यंत्र भीती काढून टाकतं, म्हणाली. माझ्या बहिणीचा शेवटचा फोन मीच घेतला आणि ओळखला नाही, म्हणाली. बोलताना दोनदा वाक्य तुटलं, 'चारू' म्हणताना तर आवाजच फुटला. पडद्यापलीकडे मात्र प्रत्येक शब्द इस्त्री करून पोचत होता.

रणदिवे कागदावरून वर बघून म्हणाले, "आपलं म्हणणं गंभीर आहे. पण एक बोलू? सख्ख्या नातलगाबद्दल आपण फारच निर्विकारपणे बोलताय. मला तर यात जरा बनाव वाटतो."

कंपनीचा माणूस मान डोलवत होता.

हेमांगी पडद्याआड तोंडावर हात दाबून बसली होती. हीच ती जागा, तिला कळलं. गच्चीवर चारू याच जागी बसली होती. गळा फाडून सांगायचं आणि पलीकडे मात्र घडी घातल्यासारखे शब्द जायचे.

"साहेब," ती म्हणाली, "आत्ता मी जे बोललो, त्याचाही गाळ साठलाय. तुमच्या समोरच्या यंत्रातच आहे. तो लावा. मग माझ्या बहिणीच्या फोनचा लावा, मूळ आवाजासकट. मग मला खोटं ठरवा."

कंपनीचा माणूस म्हणाला, नियमात बसत नाही. कोर्टाचा हुकूम लागतो. रणदिवे घुटमळले.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नलूताई उठल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं.

आधी हेमांगीचा गाळ वाजला. शब्दाविना, नुसतं गुदमरणं. मग तो फोन लागला, पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी दोघींच्या खऱ्या आवाजात. "हाक केंद्र, बोला," हेमांगीचा आवाज म्हणाला, थकलेला पण मायेचा. ही मायाही पलीकडे कधी पोचली नव्हती. त्यावर एक 'च्क', दोन तुटक श्वास, आणि चारू. प्रत्येक शब्द दातांवर आपटत येत होता. "गच्चीवर आहे" म्हणताना ती कुजबुजत होती, कारण खाली कुणीतरी दार वाजवत होतं. तोही आवाज यंत्रानं गाळात टाकला होता. शेवटी म्हणाली, "माझी आक्का तुमच्याकडं कामाला आहे. तिला कळवू नका. तिला रडलेलं आवडत नाही."

रणदिव्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तो पुन्हा घालायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही. नलूताई उभ्याच होत्या. "अगं पोरी," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक निघाला, चिमणीसारखा. त्यांनी दचकून स्वतःच्याच गळ्याला हात लावला.

फाइल पोलिसांकडे गेली, विश्वजितला पुन्हा बोलावलं गेलं, चौकशी सुरू झाली. पुढं काय होईल ते होईल. यंत्र बंद पडलं नाही, सगळ्या जिल्ह्यांतही गेलं नाही. नव्या ध्वनिफितींवर ते पुन्हा शिकेपर्यंत नलूताईंनी एक तोड काढली. उजव्या कानात मध्यस्वर, म्हणजे बाई म्हणून कुणी बाजूला पडायला नको. आणि डाव्या कानात गाळ. ऐकणाऱ्यानं दोन्ही ऐकायचं आणि मग बटण दाबायचं. सुरुवातीला तिघांनी काम सोडलं. दिवसभर डाव्या कानात तसलं ऐकणं सोसत नाही, म्हणाले. त्यांचं काय चुकलं?

ध्वनिफितींच्या चुकीपायी हेमांगीचा हुद्दा गेला. फोन घेण्याची खुर्ची तेवढी तिनं मागून घेतली. भिंतीवरचं राखाडी चित्र कुणीतरी उतरवलं होतं. तिथं नुसता खिळा राहिला होता.

पुन्हा एक मंगळवार. दुपारचे पावणेचार. फोन लागला.

"हाक केंद्र. बोला."

"काही नाही," उजव्या कानातलं राखाडी माणूस म्हणालं. "चुकून लागला. ठेवतो."

डाव्या कानात दातांवर दात वाजत होते. मग दोन तुटक श्वास. हेमांगीच्या अंगावर सर्रकन काटा आला. चारू नव्हे, हे तिला ठाऊक होतं. तिनं लाल बटण दाबलं. पडद्यावर पत्ता उघडला, पलीकडच्या खोलीत गाडीची घंटा झाली.

"ठेवू नका. काही बोलायचंही नाही. ऐकू येतंय मला."

उजवा कान गप्प राहिला. डाव्या कानात कुणीतरी आधी हळू, मग मोकळं, मोठ्यानं रडायला लागलं. आणि मध्येच थांबलं, घाईघाईनं, कुणी रागावेल म्हणून थांबावं तसं.

"थांबू नका," हेमांगी म्हणाली. "रडा. गाडी निघालीय."